संक्रांतीपर्यंत किती चौकोन?

लखनौ,
२५ नोव्हेंबर

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पाकिटातले दोन चौकोन पोचले. पत्र वाचायच्या आधी मी चौकोन एकावर एक ठेवून पाहिले. पिवळा ऑक्टोबरातला ना? आणि जांभळा मागच्या आठवड्यातला. तू सांगायची गरजच नाही. दोन्हींत टाके ३०, ओळी ६०, सुया त्याच. तरी पिवळा बरोबर १५ सेंटीमीटर भरतो आणि जांभळा जेमतेम १४. त्या एका सेंटीमीटरचं नाव संक्रांत.

गाणं शिकवण्यात माझी हयात गेली. भातखंड्यांनी १९२६ साली इथे काढलेल्या कॉलेजात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ते ‘मॅरिस’च आहे, परीक्षेला बसलेल्या मुलामुलींची मी एक खोड पाहिली. घाबरला की गाणारा लय चढवतो, आणि त्याला वाटतं तबलजीच मागे पडतोय. विणणारीचं थोडं वेगळं असतं. ती घाबरली की बोटावरचा धागा आवळते. सुई टाक्यातून निघेना झाली की आणखी जोर लावते. ओळी झटपट होताहेत असं वाटतं खरं, पण कापड आखडत जातं. एकेका चौकोनात ते कळत नाही. असे दहा चौकोन एका रांगेत लावलेस की शेजारच्या रांगेपेक्षा ती १० सेंटीमीटर तोकडी पडेल, आणि पांघरूण खाटेवर सपाट पसरायचं नाव घेणार नाही.

तू विचारलंयस, नऊ नंबरच्या सुया सोडून सात नंबरच्या घेऊ का, म्हणजे काम लवकर होईल. नको. आपल्याकडे सुयांचा नंबर उतरला की जाडी चढते, हे तुला माहीत आहेच. ओळी कमी लागतील, पण चौकोन जाळीदार होतील आणि आधी विणून झालेल्या ३१ चौकोनांशी त्यांचं जमणार नाही. शुद्ध लोकर असती तर म्हटलं असतं, लहान चौकोन ओला कर, टाचण्या लावून ताणून वाळव. तुझी अॅक्रिलिक आहे, ती असं ऐकत नाही. वरून गरम इस्त्री फिरवलीस तर मरगळते आणि पुन्हा जिवंत होत नाही.

आता तारखेचं बोलू. संक्रांतीला पांघरूण पुरं करीन असा शब्द तू कुणालाच दिलेला नाहीस. आईला ठाऊक नाही, मैत्रिणींना नाही. मला सांगितलंस तेही आत्ता, तारीख अंगावर आल्यावर. अशी स्वतःशीच ठरवलेली तारीख मला आवडते, उगाच खोटं कशाला बोलू. पण ती ओळखून घे. इथे चौकात गोल दरवाज्यापाशी थंडीत सकाळी मक्खन मलाई विकायला बसतात. दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, आणि वर येणारा फेस काढून विकतात. ऊन चढलं की फेस बसतो. त्या विक्रेत्याची मुदत ऊन ठरवतं, तिथे रदबदली चालत नाही. चिकनचे कुर्ते घरी नेऊन बखिया, मुर्रीचे टाके घालणाऱ्या बायका आहेत. त्यांची तारीख मधल्या माणसाच्या हाती. ती चुकली की पुढचं काम मिळेलच असं नाही. तुझी तारीख ना उन्हाची, ना व्यापाऱ्याची. चुकली तर कुणाचंही काही बिघडत नाही. म्हणूनच अशा तारखेला माणूस दोन तऱ्हांनी फसवतो. एक तर ती गुपचूप विसरतो, नाहीतर ती पाळण्यासाठी कामाचा जीव काढतो. तू दुसऱ्या जातीची आहेस. मीही.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. इथलं धुकं मला नवीन. चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही. नाशिकच्या थंडीवर, फार तर निफाडच्या पाऱ्याच्या बातम्यांवर वाढलेली मी, भलतीच गारठले. सासूबाईंसाठी मरून रंगाची मोठी शाल घेतली विणायला, आणि नाताळच्या आत संपवायची असं मनाशी घेतलं. शेवटी शेवटी लोकर कमी पडली. अमीनाबादला पळाले, त्याच रंगाच्या दोन गुंड्या आणल्या. कागदी पट्टीवरचा लॉट नंबर पाहायला हवा होता, तो पाहिला नाही. रात्री दोनला पिवळ्या बल्बखाली शेवटचा टाका बंद केला. पहाटे घडी घालून ती सासूबाईंच्या उशाशी ठेवली. तीन दिवसांनी धुकं विरलं, सासूबाई गच्चीत खाटेवर शाल पांघरून शेंगदाणे सोलत बसल्या, आणि तिच्या खालच्या वीतभर भागाचा मरून वेगळाच दिसला. रंगाच्या दुसऱ्या भट्टीतला. त्या म्हणाल्या, काठ छान दिलास. काठ नव्हता तो. मी काही बोलले नाही, आणि तो ‘काठ’ पुढे पंधरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर राहिला.

तेव्हा हिशेब मांडू. तुझा हिशेब चौकोनांपाशीच थांबला आहे, तिथेच घोटाळा. ८ गुणिले १० म्हणजे ८० चौकोन, पांघरूण १२० बाय १५०. उरले ४९. तुझ्या वेगाने दीड तास एकाला, म्हणजे साडेत्र्याहत्तर तास. आता जोडणी घे. उभ्या शिवणी ७, प्रत्येकी दीड मीटर; आडव्या ९, प्रत्येकी एक मीटर वीस. एकूण एकवीस मीटरांच्या वर शिवण! मीटरला पाऊण तास धर, सोळा तास. शिवाय प्रत्येक चौकोनाला धाग्याच्या दोन शेपट्या, एकूण १६० शेपट्या, त्या सुईने आत ओवायच्या. त्या टाळणाऱ्या मुलीचं पांघरूण दुसऱ्याच धुण्यात सुटायला लागतं. त्यात आठ तास. मग कडेची किनार. सगळे मिळून शंभर तासांच्या वर, आणि संक्रांतीला दिवस उरलेत ५०. रोज दोन तास, एकही दिवस खाडा न करता, आणि तुझी डिसेंबरात परीक्षा.

माझं ऐकशील तर तारीख हलवू नकोस, पांघरूण लहान कर. ६ गुणिले ८, ४८ चौकोन. म्हणजे ९० बाय १२०, मांडीवर घेऊन वाचायला पुरेल. १७ चौकोन विणायचे, शिवण बारा मीटर, शेपट्या ९६. किनार सोडून ४० तासांच्या आसपास, रोज तासाभरापेक्षाही कमी. आणि चौकोनांच्या कामाची एक सोय आहे, जी माझ्या शालीला नव्हती. पुढच्या थंडीत कडेने आणखी रांगा जोडता येतात. गोधडीला आपल्या आज्या असेच तुकडे लावत नव्हत्या का? फक्त शेवटची किनार आत्ता घालू नकोस, नाहीतर ती उसवावी लागेल.

उसवण्यावरून आठवलं. इथला बडा इमामबाडा आसफ-उद-दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतला. दिवसा गरीब मजूर बांधायचे आणि रात्री घरंदाज लोक, चेहरे दिसू नयेत म्हणून अंधारात येऊन, बांधलेलं पाडून मजुरी घ्यायचे, अशी आख्यायिका गाईड सांगतात. खरी असो-नसो, मला ती आवडते. पाडणं हेही कामच धरलं होतं की त्यात. तू मात्र सगळं उसवू नकोस. ३१ चौकोन पट्टीने मोज. साडेचौदाच्या वरचे असू दे. त्याखालच्यांना काळ्या लोकरीची क्रोशाची एक फेरी मार. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटीमीटर वाढेल, आणि १४ चा १५ होईल. ते सगळे मधोमध लाव, मुद्दाम केल्यासारखे दिसतील. काळी लोकर संक्रांतीला शोभेलही. इथे त्या सणाला ‘खिचडी’च म्हणतात आणि खिचडीच रांधतात. तिळगूळ मी आपली घरी करते.

काळी लोकर एकदमच घे, कडेला आणि शिवणीला पुरेल एवढी, आणि गुंडीच्या पट्टीवरचा लॉट नंबर दुकानातच जुळवून पाहा. उजेडात.

जांभळा चौकोन परत पाठवते आहे. पिवळा माझ्याकडे राहू दे, मापाला.

लहान निघाले ते किती, एवढं उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी