खेळातून विज्ञान शिकवायला किती खर्च येतो?

शिकवणीच्या फीपत्रकात ‘डिजिटल सिम्युलेशन’ असं वेगळं कलम दिसलं, तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: सॉफ्टवेअर कोणतं? कारण त्यातलं बरंचसं तुम्हाला नागपुरात, धंतोलीतल्या तुमच्या घरी बसून फुकट मिळतं.

कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प २००२ पासून चालू आहे. पैसे नाहीत, कागदपत्रं नाहीत, लॉगिनही नाही. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतात. वायफाय असताना फाइल उतरवून ठेवली की पुढे नेट लागत नाही. विकत मिळतं ते त्यांचं मोबाइल अ‍ॅप, त्याच्या वाटेला जाऊ नका. सुरुवात विद्युत परिपथापासून करा. मुलाला बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडू द्या. पडद्यावर बॅटरी पेट घेते. ‘असं का झालं?’ हे त्यानं विचारेपर्यंत गप्प बसा. उत्तर आधीच सांगितलंत तर सगळा खेळ वाया. नंतर सीताबर्डीच्या बाजारातून सेल, छोटा बल्ब, होल्डर आणि वायर आणा. साधारण शंभर रुपयांत भागतं. शॉर्ट सर्किट मात्र पडद्यावरच ठेवा.

नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी ‘ओलॅब्स’ बघा. तेही फुकट.

हाताळून शिकायचं तर गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र. धंतोलीहून ऑटोनं जवळ आहे. भाडं बसण्याआधी ठरवा. प्रवेश, तारांगण आणि थ्रीडी शो यांची तिकिटं वेगवेगळी असतात, म्हणून खिडकीवर एकूण रक्कम विचारा. वर्ग नेणार असाल तर शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि मुलांची यादी घ्या, गटाची सवलत आधी फोन करून विचारा. सहलीच्या नावाखाली शाळेनं ठोक रक्कम मागितली, तर तिकीट, बस आणि खाणं यांचा हिशेब वेगळा मागा.

चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी शैक्षणिक खेळ विकत घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. अपूर्णांकांच्या पत्त्यांसाठी तर खोकंही नको. कार्डशीट, कात्री, स्केचपेन आणि एक संध्याकाळ पुरे.

खरी गळती होते ती ‘सात दिवस मोफत’ म्हणणाऱ्या अ‍ॅपमध्ये. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. यूपीआयच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन मंजुरी रद्द करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. तरीही पैसे कापले गेले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.