चिखल्या : ओळख, उपचार व प्रतिबंध

भातलावणीच्या दिवसांत कोकणातील शेतकरी स्त्री-पुरुषांचे पाय तासन्‌तास चिखलपाण्यात असतात. पाण्याने कातडी मऊ पडते व तीत बुरशीचा शिरकाव होतो. दमट हवेत पिकावर बुरशी फैलावते, तसाच हा प्रकार होय. यास ‘चिखल्या’ म्हणतात. किरकोळ समजून दुर्लक्ष केल्यास ऐन लावणीत माणूस घरी बसतो.

ओळख : पायाची करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात बहुधा सुरुवात होते. कातडी पांढरी पडून सोलते, चिरा पडतात, खाज व दुर्गंधी येते. बुरशी नखांत शिरल्यास ती पिवळी, जाड व ठिसूळ होतात.

उपचार : सायंकाळी पाय साबणाने धुऊन बेचके कोरड्या फडक्याने टिपावेत. नंतर १ टक्का क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा लावावे. खाज थांबताच औषध सोडू नये. लक्षणे गेल्यावरही दोन आठवडे ते चालू ठेवावे. शेंडे खुडून हरळी मरत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. स्टिरॉइड मिसळलेली मलमे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. त्यांनी खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी आतून पसरते. मोरचूद, रॉकेल अथवा पिकावर फवारण्याची बुरशीनाशके पायास कदापि लावू नयेत.

प्रतिबंध : शक्य तेथे गमबूट वापरावेत व ते रोज आतून वाळवावेत. अनवाणी उतरणे भाग असल्यास काम संपताच पाय धुऊन कोरडे करावेत. पाय पुसण्याचे फडके प्रत्येकाचे वेगळे असावे.

दवाखान्यात केव्हा जावे : पाय लाल होऊन सुजल्यास, पू अथवा ताप आल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेही व्यक्तीने लहान चीरही डॉक्टरांस दाखवावी. पायावरील चट्टा बधिर असल्यास तो चिखल्या नव्हे. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. भेगाळलेल्या कातडीतून लेप्टोचे जंतूही शरीरात शिरतात. म्हणून शेतात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्यास विलंब करू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लावणीपूर्वीच्या सभेत बियाण्याबरोबर पायांचीही चर्चा करावी. शेताची मशागत अखेर याच पायांवर उभी आहे.