विल्यम लॅम्बटन आणि बंगळुरूची आधाररेषा

1799 साली श्रीरंगपट्टण पडले व म्हैसूरचा विस्तीर्ण मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला. मात्र या मुलखाचा विश्वासार्ह नकाशा कोणापाशीही नव्हता. या मोहिमेत असलेल्या विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने तो तयार करण्याची योजना कंपनी सरकारपुढे मांडली. राज्यकर्त्यांना लष्कराच्या वाटा व महसुलासाठी नकाशा हवा होता; लॅम्बटनला त्यातून पृथ्वीचा नेमका आकार शोधावयाचा होता. दोन्ही हेतू एकाच कामात सामावले, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

त्रिकोणमितीची ही पद्धत समजण्यास कठीण नाही. एक रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजावयाची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीचे कोन घ्यावयाचे, म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यांपैकी प्रत्येक बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. साहजिकच पहिल्या रेषेत चूक राहिली, तर ती सर्वत्र पसरते. आज महादेवपुरा ज्या पठारावर वसले आहे, त्या बंगळुरूच्या पूर्वेकडील मैदानात लॅम्बटनने 1800 च्या अखेरीस अशी सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून ती पुढे पुढे सरकवीत नेली जाई. उन्हाने धातू प्रसरण पावत असल्याने तापमानाचीही नोंद ठेवावी लागे. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ दुसरी आधाररेषा सुरू झाली. पुढे मंगळूरपर्यंत त्रिकोण पोहोचले, तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांहून सुमारे चाळीस मैलांनी कमी भरली!

त्याचे मुख्य कोनमापक यंत्र अर्धा टन वजनाचे होते. 1808 साली मराठ्यांच्या तंजावरात ते बृहदीश्वराच्या शिखरावर चढविले जात असता दोर तुटून भिंतीवर आदळले व त्याचे वर्तुळ वाकले. दुसऱ्या कोणी ते विलायतेस परत धाडले असते. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून त्याने ते स्वतः दुरुस्त केले. यंत्रे वाहणाऱ्या आणि टेकड्यांवर निशाणे धरणाऱ्या खलाशांची नावे मात्र इतिहासाने जतन केली नाहीत.

हैदराबादेहून नागपूरकडे जात असताना 20 जानेवारी 1823 रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्याशी नेली. 1865 साली जगातील सर्वोच्च शिखराला त्याचे नाव मिळाले. लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे.