बिनबॅटरीचा पहारेकरी

कॅडेट मित्रांनो, सैनिकाच्या पाठीवर दारूगोळा, पाणी आणि शिधा असतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. आता त्यात बॅटऱ्यांचीही भर पडली आहे. रेडिओ, जीपीएस, टॉर्च, रात्री पाहण्याची दुर्बीण, सगळ्यांना बॅटरी लागते. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद कमी होते, आणि सियाचिनसारख्या ठिकाणी नवी बॅटरी पोहोचवणे सोपे नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. जो संवेदक, म्हणजे सेन्सर, हालचाल मोजतो, त्याने त्याच हालचालीतून स्वतःची वीज का मिळवू नये? असे लवचीक संवेदक आज बनतात. ते कसे चालतात आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, ते या पाठात पाहू.

दाबातून वीज

घरातला गॅस लायटर दाबला की ‘टक्’ आवाज होऊन ठिणगी पडते. लायटरच्या त्या प्रकारात सेल नसतो. आतल्या स्फटिकमय पदार्थावर छोटी हातोडी आपटते आणि विभवांतर निर्माण होते. हा दाबविद्युत परिणाम १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत शोधला. पण स्फटिक कडक असतो. तो बुटात घातला तर तुटेल.

१९६९ साली जपानच्या हेईजी कावाई यांनी दाखवले की पॉलीव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातही हा गुण आणता येतो. या प्लास्टिकच्या रेणूंत एका बाजूला धन व दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार असतो, पण रेणूंची तोंडे वाटेल तिकडे असतात. पापुद्रा ताणून त्यावर तीव्र विद्युतक्षेत्र लावले की ती बरीचशी एका दिशेला वळतात, जणू विस्कळीत घोळक्याला फॉल-इनचा हुकूम मिळाला. मग पापुद्रा वाकवला की ही रांग थोडी हलते आणि दोन्ही पृष्ठांवर प्रभार दिसू लागतो.

घर्षणातून वीज

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत जर्सी काढताना चटचट आवाज येतो आणि केस उभे राहतात. ही घर्षणविद्युत. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एक इलेक्ट्रॉन घेतो, दुसरा देतो. २०१२ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर लवचीक जनित्र बनवले. प्लास्टिकचे दोन वेगळे पातळ पापुद्रे एकमेकांसमोर, आणि दोघांच्या बाहेरच्या बाजूंना धातूचा थर. ते वाकवले की पापुद्रे घासतात आणि सुमारे ३ व्होल्ट मिळतात. असे पापुद्रे जवळ आले की बाहेरच्या तारेतून प्रभार एका दिशेने वाहतो, दूर गेले की उलट दिशेने.

याची एक अडचण आपल्या हवामानात लगेच कळते. दमट हवेत पृष्ठावरचा प्रभार निसटून जातो. कोकणातला पावसाळा किंवा घामाने भिजलेला बूट यांत हा संवेदक कमजोर पडतो, म्हणून तो हवाबंद आवरणात ठेवावा लागतो.

करून पाहा

वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डात किंवा बझरमध्ये पितळी रंगाची चकती असते. तिच्या दोन तारांना दोन एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने जोडा. अंधारात चकतीवर बोटाने टिचकी मारा. दाबताना एक एलईडी क्षणभर चमकेल, सोडताना दुसरा. आता चकती दाबून तशीच धरा. काहीच होणार नाही, कारण तयार झालेला प्रभार वाहून गेलेला असतो.

इथे मुख्य गोष्ट कळते. हा संवेदक बदल ओळखतो, स्थिती नाही. आपण कदमताल करत असताना तो प्रत्येक पावलाला बोलेल, पण ‘सावधान’मध्ये उभे असताना गप्प राहील.

थोडा हिशोब

आता विजेचे मोजमाप करू. समजा चकतीची धारकता २० नॅनोफॅरड आहे आणि टिचकीने २० व्होल्ट मिळाले. ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले विभवांतराचा वर्ग, याच्या निम्मी. उत्तर येते ४ मायक्रोज्यूल.

उलट, २२५ मिलिअँपिअर-तासाच्या ३ व्होल्टच्या बटण सेलमध्ये ०.२२५ × ३६०० × ३, म्हणजे २४३० ज्यूल असतात. तेवढी ऊर्जा मिळवायला सुमारे ६० कोटी टिचक्या लागतील. सेकंदाला एक, तर १९ वर्षे!

म्हणजे हे संवेदक बॅटरीची जागा घेणार नाहीत. मग उपयोग काय? रात्रीचा पहारा आठवा. सगळी तुकडी झोपते आणि एक संत्री जागा राहतो. काही हालले तर तोच बाकीच्यांना उठवतो. हा संवेदक तसा संत्री आहे. मोजणारे आणि संदेश पाठवणारे सर्किट झोपलेले असते. हालचाल झाली की संवेदकाच्या स्वतःच्या विजेने त्याला जाग येते. बॅटरी फक्त कामाच्या वेळी खर्च होते, आणि संत्र्याला शिधा लागत नाही.

आपल्या बुटात

लांब मार्चमुळे पायाच्या हाडाला बारीक तडा जातो, त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. एक्स-रेचा शोध १८९५ चा, पण त्याच्याही आधी, १८५५ साली, प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन करून ठेवले होते. ही दुखापत एका दिवसात होत नाही. रोजच्या हजारो पावलांच्या ताणाने ती हळूहळू वाढते.

बुटाच्या आतल्या तळव्यात असे पापुद्रे बसवले तर पावले मोजता येतात आणि डाव्या-उजव्या पायांच्या खुणा शेजारी ठेवून पाहता येतात. रोज सारख्या दिसणाऱ्या खुणा एका आठवड्यात वेगळ्या होऊ लागल्या, तर कॅडेट एक पाय जपून टाकतो आहे असा संशय घेता येईल. हाड दुखावले आहे की नाही, हे मात्र संवेदक सांगू शकत नाही. ते डॉक्टरांनीच तपासायचे.

आपल्यापैकी कितीतरी जण टीममधून नाव कटू नये म्हणून दुखणे लपवतात आणि लंगडत परेडला उभे राहतात. घरी फोनवरही ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. आपल्या बुटात असा संत्री यायला वेळ आहे. तोपर्यंत ‘सर, पाय दुखतोय’ हे तीन शब्द आपल्यालाच बोलावे लागतील, आणि त्यांनाही बॅटरी लागत नाही.

जय हिंद!

– एक कॅडेट, इयत्ता १० वी