त्वचेवरील चट्टे आणि रात्रीचे घोरणे

सालाबादप्रमाणे ताळेबंदाच्या पानांपूर्वी एका आजाराची माहिती देण्याची आपल्या अहवालाची प्रथा आहे. यंदाचा विषय ऐकून काही विश्वस्तांनी आश्चर्य व्यक्त केले. सोरायसिस हा त्वचेचा विकार. झोपेत श्वास अडखळण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा विकार घशाचा. या दोहोंचा संबंध तो काय? रुग्णालयातही दोन्हींचे विभाग निराळे आणि केसपेपरही निराळे. शरीर मात्र एकच असते.

निरोगी त्वचेची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडण्यास सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे हेच चक्र अवघ्या काही दिवसांत उरकते. पेशींचे थर साचतात व कोपर, गुडघे, पाठ, डोके यांवर चंदेरी खवल्यांचे लालसर चट्टे उठतात. स्पर्शाने, अंथरुणाने वा एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, हे येथे मुद्दाम सांगतो; कारण पुढील विवेचनाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

स्लीप ॲप्नियामध्ये गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. श्वास १० सेकंद वा त्याहूनही अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घोरण्यासह श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला असे ३० वा अधिक वेळा घडल्यास आजार तीव्र समजतात. रुग्णास सकाळी यातले काहीच आठवत नाही. डोके जड असते, दिवसा डुलक्या येतात, रक्तदाब औषधांना दाद देत नाही. असा मनुष्य वाहनचालक असेल, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

या दोन आजारांच्या नात्याचा मोठा पुरावा डेन्मार्कमधून आला. त्या देशात प्रत्येक नागरिकाच्या आजारांची नोंद एकाच क्रमांकाखाली ठेवली जाते. (अशा वह्या पाहावयास मिळाल्या असत्या, तर आमच्यासारख्या हिशेबात मुरलेल्यांना फार आनंद झाला असता.) १९९७ ते २०११ या काळातील सुमारे ५५ लाख प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सोरायसिसच्या रुग्णांत पुढे स्लीप ॲप्निया होण्याचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. आजार तीव्र असल्यास किंवा त्यासोबत सांधे धरलेले असल्यास ते आणखी वाढलेले दिसले. उलट बाजूने, स्लीप ॲप्निया असलेल्यांतही नव्याने सोरायसिस होण्याचे प्रमाण अधिक होते.

दोन नोंदी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरेच. स्थूलता दोन्हींच्या मुळाशी असू शकते: मानेभोवतीची चरबी श्वासमार्ग अरुंद करते आणि शरीरातील चरबी दाह वाढवणारी द्रव्ये सोडते. तथापि दुसराही धागा आहे. रात्रभर प्राणवायू घटत-वाढत राहिल्याने टीएनएफ-अल्फा नावाचे दाहकारक द्रव्य वाढते. आणि सोरायसिसची काही आधुनिक इंजेक्शने याच द्रव्याला अटकाव करतात.

आमच्या मते खरी अडचण निदानाची आहे. सोरायसिसचा रुग्ण “झोप होत नाही” म्हणाला, की दोष खाजेला दिला जातो. खाज झोप मोडते, यात शंका नाही. पण त्या आडोशाने घोरण्याचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. त्यात घराघरांतून आढळणारी एक गोष्ट भर घालते. आजार लागेल या भीतीने, किंवा रुग्णाच्याच संकोचाने, त्याचे अंथरुण वेगळ्या खोलीत जाते. मग श्वास थांबल्याचे ऐकणारे कोणीच उरत नाही. ज्या आजाराचा मुख्य साक्षीदार शेजारी झोपणारा माणूस, त्याचा साक्षीदारच आपण एका खोट्या समजुतीपायी दूर करतो.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे, की चार-पाच रात्री रुग्णाच्या खोलीत झोपावे. घोरणे मध्येच थांबून धाप लागल्यासारखा श्वास येतो का, हे पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. शिंप्याकडील टेपने मानेचा घेर मोजावा. तो ४० सेंटिमीटरहून अधिक असल्यास तेही सांगावे. खाजेमुळे झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मनाने मुळीच घेऊ नये. अशा गोळीने, तसेच मद्याने, घशाचे स्नायू अधिकच सैल पडू शकतात.

झोपेच्या तपासणीत निदान पक्के झाल्यास वजन घटवणे व कुशीवर झोपणे यांचा उपयोग होतो. मध्यम व तीव्र आजारात सीपॅप हे यंत्र मुखवट्यावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिवन यांनी या पद्धतीचे पहिले अनुभव १९८१ साली प्रसिद्ध केले. सोरायसिसमध्ये घर्षणाच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. त्यामुळे मुखवट्याच्या पट्ट्यांखाली मऊ सुती कापडाचे अस्तर लावून घ्यावे. त्वचा चुरचुरते म्हणून यंत्र परस्पर बंद न करता आधी आम्हास कळवावे.

त्वचाविभागाच्या केसपेपरवर घोरणे व दिवसाची झोप यांविषयीचे दोन प्रश्न छापून घेण्याचे ठरले असून त्यास खर्च नगण्य आहे. यंत्राचे तसे नाही. खरेदीपूर्वी गरजू रुग्णांना ते काही आठवडे घरी वापरून पाहता यावे, यासाठी स्वतंत्र निधीचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.