कांडी बोलू लागते तेव्हा

समाजाचा अभ्यास केवळ ग्रंथ आणि प्रश्नावली यांच्या साहाय्यानेच होतो असे नाही. रोजच्या हाताळणीतील साधनेही समाजाविषयी पुष्कळ काही सांगतात. वाराणसीच्या विणकरांच्या उदाहरणावरून ही पद्धत आपण समजून घेऊ.

कांडी आणि श्रम

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांत राहत्या घरातच माग असण्याची जुनी परंपरा आहे. 'येथे विणकर कोण?' असे अभ्यासकाने विचारले, तर सहसा घरातील पुरुषाचे नाव सांगितले जाते. परंतु धोट्यात बसवायची रेशमाची कांडी हातात घेऊन 'ही कोणी भरली?' असे विचारले की उत्तर बदलते. कांड्या भरण्याचे काम बहुधा स्त्रिया व मुली करतात. त्या मागावर बसत नाहीत, म्हणून विणकर म्हणवल्या जात नाहीत. पुष्कळदा त्यांच्या श्रमाचा वेगळा मोबदलाही मिळत नाही. जे श्रम हिशेबातून निसटले होते, ते एका लहानशा कांडीमुळे उजेडात येतात.

साडी आणि परस्परसंबंध

बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. मात्र तिच्यातील रेशीम मुख्यतः बाहेरून येते, जर बव्हंशी सुरतेहून. विणणारे हात बहुतांशी मुसलमान अन्सारी कारागिरांचे. ती नेसून बोहल्यावर उभी राहणारी वधू अनेकदा हिंदू. एकाच वस्त्रात किती माणसे परस्परांवर अवलंबून असतात, हे येथे दिसते. या साखळीत भाव कोण ठरवतो, हा पुढचा प्रश्न होय.

नक्षीसाठी मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावतात. एखाद्या घरात पट्ट्यांची चळत आहे, पण माग नाही, असे आढळले तर? माग केव्हा थांबला, यंत्रमाग आल्यामुळे का, घरातील मुले आता कोणते काम करतात, हे विचारता येते.

पद्धतीची मर्यादा

वस्तू स्वतः उत्तर देत नाही. ती प्रश्न सुचवते. उत्तर माणसांकडूनच, त्यांच्या संमतीने मिळवावे लागते. शिवाय माणूस म्हणजे केवळ त्याचे काम नव्हे. नीता कुमार यांनी बनारसच्या विणकर, धातुकाम व लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांवर लिहिलेला ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कारागिरांचे सण, संगीत, आखाडे आणि फावला वेळ यांनाही महत्त्व दिले आहे. म्हणून हातातील साधनापाशी थांबू नये; ते खाली ठेवल्यावर माणूस कसा जगतो, हेही पाहावे.

कृती करा

घरातील एखादी जुनी गोधडी घ्या. तिच्यातील कापडाचे तुकडे कोणाच्या वस्त्रांचे आहेत? ती कोणी, केव्हा शिवली? त्या श्रमाची नोंद कोठे झाली का? घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्न

१. कांडीविषयीच्या प्रश्नाने कोणते श्रम उजेडात येतात?
२. 'वस्तू प्रश्न सुचवते' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.