रामनामींचें गोंदण

आपल्याकडे गोंदण म्हटलें कीं आजीच्या कपाळावरील हिरवट टिकली आठवते. तो एक दागिनाच, आणि मेल्यावरही सोबत येणारा. छत्तीसगडांतील रामनामी समाजाचें गोंदण मात्र दागिना नव्हे. अस्पृश्य ठरवून ज्यांस देवळाबाहेर ठेविलें, त्यांपैकीं चारपारा गांवच्या परशुराम नामक गृहस्थानें १८९० च्या दशकांत हा पंथ काढिला. आणि अनुयायांनीं देवाचें नांवच आपल्या कातडीवर लिहून घेतलें. दिव्याची काजळी, पाणी व सुया, एवढेंच साहित्य. कोणी कपाळ गोंदवी, कोणी छाती. सर्वांग गोंदविणारास ‘नखशिख’ म्हणत. पापण्यांवरही सुई चाले! त्यांचा राम निर्गुण, मूर्तींतला नव्हे. मग पुजाऱ्याची गरज ती काय?

गोंदणानें माणूस चारचौघांहून वेगळा दिसावा, अशी हल्लींच्या शहरांतील समजूत. येथें तर सर्वांच्या अंगावर तींच दोन अक्षरें, आणि तरीही तीच ज्याची त्याची ओळख. आम्हांस ही गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते.

आतां तरुण मुलें सर्वांग गोंदवीत नाहींत. शिक्षणासाठीं, पोटासाठीं परगांवीं जावें लागतें, आणि तेथें लोक टक लावून पाहतात. कित्येक जण अंगावर कोठें तरी एकदांच नांव गोंदून घेतात. त्यांस दोष देण्यास आमचें मन होत नाहीं.